खडं मीठ मारलेला बर्फ

मांडवी, रत्नागिरी
३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

चि. योगिनीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. विनीतरावांना नमस्कार सांग.

पाकिटावरचा पत्ता सानवीकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर बघितलं असतंस तर पाकीट तसंच चुलीत घातलं असतंस, ओळखते मी तुला. आता फसलीच आहेस तर पुढचंही वाच. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंयस त्याला अडीच वर्षं झाली. पोस्टमनला कोण ब्लॉक करणार?

आमच्याकडे सगळं ठीक. तुझे भावोजी बोटीवरच आहेत, मार्चपर्यंत काही येत नाहीत. सानवीला लांज्याच्या शाळेत नोकरी लागली, रोज एसटीने जाऊन-येऊन करते आणि घरी आल्यावर माझी शिकवणी घेते. बंदरावर बांगडा बरा येतोय, सुरमई रुसलीय. मी अजून बाजारात बसते. बसत होते म्हणायला हवं, कारण गेले दहा दिवस घरी आहे. डाव्या डोळ्यावर पट्टी आहे.

घाबरू नकोस. घाबरणार नाहीसच म्हणा, पण लिहायची पद्धत आहे.

झालं असं की वर्षभर डोळे चुरचुरत होते. वाळू गेल्यासारखं वाटायचं, पापण्या सकाळी चिकटायच्या. मी म्हटलं वय झालं, खारा वारा लागतो, आणखी काय. मग दिवाळीच्या आधी एक दिवस सगळं धुरकट दिसायला लागलं. हलवा समजून पापलेट हलव्याच्या भावात दिलं एका बाईला, आणि वर तिच्याशीच भांडले. सानवीने ऐकलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंच. तिथली डॉक्टरीण आपल्या सानवीएवढीच पोर. तिने दिवा मारून बघितलं आणि म्हणाली, "काकी, तुमच्या बुबुळाला माशाचा खवला चिकटलाय. किती दिवस झाले?"

मला कळलंच नव्हतं गो! डोळ्यात खवला, आणि मला पत्ता नाही! ती म्हणाली, खवल्याने जखम झालीय, आणि डोळ्याची जाणीवच कमी झालीय तुमच्या. मग तिने एक कागदाची पट्टी काढली, बारीकशी, वर मिलिमीटरच्या खुणा असलेली. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवलं. दुसरीही तशीच उजव्या डोळ्यात. पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लावलं. डोळ्यात पाणी असलं की ते पट्टीवर चढतं, ओल दिसते. चांगल्या डोळ्याचं पंधरा खुणांपर्यंत जातं म्हणे. माझं डाव्याचं दोन आणि उजव्याचं तीन.

मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, तुमच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की डोळ्यांत पाणी करणाऱ्या ग्रंथी मंदावतात, त्यांना निरोप नेणाऱ्या नसाही मंदावतात. त्या ग्रंथींना इन्शुलिनसुद्धा लागतं, ते नीट मिळालं नाही तर त्या सुकतात.

योगू, तुला सांगते, माझ्या डोळ्याला जखम झालेली, दिसत नव्हतं, आणि तरी मी त्या खुर्चीत बसून हसले. सानवी म्हणाली, आई, हसतेस काय? तिला काय सांगू मी का हसले ते.

आये गेली त्या दिवशी तू हर्ण्याहून आलीस, अंगणातच गाडीतून उडी टाकलीस, आणि सगळ्या वाडीसमोर म्हणालीस, "आय मेली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही! बघा, बर्फाच्या पेटीवर बसलीय, मासळीची राखण करत!" वर बायकांनी तुझे कान भरले की आयेच्या मयताखाली घालायला घरातला बर्फ मागितला तर मथुरा उठलीसुद्धा नाही, शेजारच्या लवूला बर्फाच्या फॅक्टरीवर पिटाळलं. तू मला दगड म्हणालीस. तेराव्यालाही तू माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस. अडीच वर्षं मी बाजारात बसते, आणि मागून बायका म्हणतात, ही ती, आय मेली तरी रडली नाही ती.

तर आता बघ. पट्टी या पत्रात घातलीय, डाव्या डोळ्याची. डॉक्टरणीकडून मागून घेतली, ती म्हणाली काय करायचीय, मी म्हटलं माझ्या बहिणीला दाखवायचीय. कोरडी ठणठणीत आहे. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतंच, तर रडणार कुठून? आता मी बाटलीतून रडते. थेंब दिलेत, दिवसातून सहा वेळा घालायचे. घातले की गालावरून ओघळतात, आणि सानवी म्हणते, झालं का रडून?

आता तरी मनातलं काढून टाक आणि फोन कर. माझी चूक असती तर मी पाय धरले असते.

आयेच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. ते राहू दे.

तूच ठेवलेल्या नावाने सही करते,

दगड
(तुझी मथूताय)

ता. क. विनीतरावांना दिवाळीत फोन केला होता, तेव्हा ते म्हणाले, तुलाही जूनपासून इन्शुलिन सुरू झालंय. लिलावाला दिवसभर बंदरावर असतेस, मग बाटली कुठे ठेवतेस? सहज विचारते. डॉक्टरणीने मलाही विचारलं होतं, मी म्हटलं आमची सोय आहे. तू मात्र कुणाला तरी नीट विचारून घे.


मांडवी
११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपार

योगू,

आशीर्वाद मागाहून. आधी ऊठ आणि पेटीतली इन्शुलिनची बाटली बाहेर काढ. ती टोचायची नाही. आजची नाही, उद्याची नाही. एक डोससुद्धा नाही. ती फेक, आणि मग पुढचं वाच.

फेकणार नाहीस, माहीत आहे मला. काल विनीतरावांना पुन्हा फोन केला. म्हटलं, तिला सांगा, बाटली बर्फात ठेवू नको. ते म्हणाले, "ताई, तुमचं नाव काढलं की ती उठून जाते. तरी सांगितलं. तर म्हणाली, आयेची बाटली तिथेच असायची, तायनेच दाखवलेलं मला शिमग्याला, आता हिला कसलं शहाणपण सुचलं? आय काय त्याने मेली?"

 मग ते म्हणाले, डॉक्टरने तुझा डोस तीनदा वाढवला तरी शुगर उतरत नाही. दुपारी लिलाव चालू असताना पेंगतेस, पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या पितेस, कपडे अंगावर लोंबायला लागलेत, डोळे लाल. योगू, हे सगळं मी एकदा बघितलंय. याच घरात, याच क्रमाने.

म्हणून आता लिहिते. हे विनीतरावांना सांगून तुझ्यापर्यंत पोचवता आलं असतं, पण आयेची गोष्ट तू जावयाच्या तोंडून ऐकायची नाहीस. फोनवर माझी जीभ वळणार नाही. स्वतः यावं तर डोळ्याला वारा लावायचा नाही म्हणून डॉक्टरणीने दम दिलाय, आणि आले तरी तू दार लावून घेशील. आपल्या वाडीतल्या महिपतचा टेम्पो एक वाजता हर्ण्याला निघतोय, त्याच्या हातात देते. तो तुला लिलावाच्या जागीच देईल. संध्याकाळचं इंजेक्शन घ्यायच्या आत.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. पट्टी खरी आहे. पण ती आत्ताची आहे. आये गेली तेव्हा माझे डोळे धडधाकट होते. मला तेव्हा शुगर आहे हेच माहीत नव्हतं.

त्या वर्षी शिमग्याला तू आली होतीस, आठवतं? पालखी नाचवून सगळे दमून आले, आणि त्याच संध्याकाळी व्होल्टेज वाढून आपला फ्रीज जळाला. तू म्हणालीस, आयेचं इन्शुलिन कुठे ठेवायचं? मी तोऱ्यात म्हटलं, फ्रीज कशाला हवा, कोळ्याच्या घरात बर्फाला काय तोटा? पडवीतल्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाटली ठेवली. वर बाबांसारखं मूठभर खडं मीठ मारलं. "मीठ मारलं की बर्फ कडक गार होतो, मासा चार दिवस ताठ राहतो," बाबा म्हणायचे. तू हसलीस, म्हणालीस, आयेचं औषध पण ताठ राहील. आपण दोघी हसलो गो. आये पण हसली.

मिठाने बर्फ फ्रीजपेक्षा गार होतो. नुसत्या बर्फापेक्षाही गार. त्यात इन्शुलिन गोठतं, आणि एकदा गोठलं की ते मेलं. मग वितळवलं तरी पाणीच. दिसतं तसंच, टोचलं की दुखतं तसंच, पण काम काही करत नाही. हे मला परवा डॉक्टरणीने सांगितलं. पंधरा दिवस थेंब घालूनही जखम भरेना म्हणून तिने शुगर तपासली, ती चारशेच्या वर. म्हणाली, काकी, खरं सांगा, तुमची ती सोय म्हणजे काय? मी पेटीचं आणि मिठाचं सांगितलं, तर ती पोर कपाळाला हात लावून बसली.

पण "मला माहीत नव्हतं" असं म्हणून मी सुटत नाही. तेच लिहायला बसलेय.

चैत्रात एक दिवस बाटली काढली तर आत बर्फाच्या सुया. मी बघितल्या. माझ्या डोळ्यांनी, तेव्हा चांगल्या असलेल्या डोळ्यांनी. कनवटीला लावून बाटली गरम केली, हलवली, आणि आयेला टोचली. मनात म्हटलं, मासा नाही का, बर्फातून काढला की पुन्हा मऊ होतो. मग असं बऱ्याचदा झालं. आये म्हणायची, "मथू, तुझा इंजेक्शन लागतच नाय गो मला. पानी दे." मी म्हणायचे, तुला काय लागतंय, तू चोरून आंबे खातेस. ओरडायचे तिच्यावर. ती आंबे खात नव्हती, योगू. समोर अढी घातलेली असायची, तरी नव्हती खात.

मग डॉक्टरकडे नेलं. शुगर बघून ते म्हणाले, इन्शुलिन फ्रीजमध्येच ठेवता ना? आजूबाजूला चार माणसं बसलेली. मला फ्रीज नाही म्हणायची लाज वाटली. मांडवीतली बोटीवाल्याची बायको, आणि घरात फ्रीज नाही. मी म्हटलं, हो. त्या माणसाने माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून डोस वाढवला. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा मी हो म्हटलं. आता मागे कसं फिरायचं म्हणून.

वैशाखात आये दुपारी जेवता जेवता आडवी झाली. श्वास खोल खोल चाललेला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, इन्शुलिन रोज मिळत होतं? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, अंगात पोचलेलं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आये गेली.

घरी आणलं. तू हर्ण्याहून निघाली होतीस, यायला चार-पाच तास. ऊन मी म्हणत होतं. बायका म्हणाल्या, मथुरा, तुझ्या पेटीत बर्फ आहे, काढ, म्हातारीच्या खाली घालू. आणि मला आठवलं, बाटली आत आहे. बर्फ उपसला की ती वर येणार. गोठलेली. कुणीतरी म्हणणार, हे काय? तो डॉक्टर काय म्हणाला ते लवूने ऐकलं होतं. मी जाऊन पेटीवर बसले. म्हटलं, यातला बर्फ मासळीचा आहे, आयेला चालायचा नाही, लवू, फॅक्टरीवरून नवा आण. त्यांना वाटलं, बांगडे खराब होतील म्हणून जीव जातोय हिचा. वाटू दिलं.

माझी आय चटईवर, आणि मी पेटीवर. मला रडायचं होतं गो. पण रडायला लागले असते तर कुणीतरी मला कवेत घेऊन आत नेलं असतं, आणि पेटी उघडी पडली असती. मी दात आवळून बसले. तू आलीस, बोललीस ते सगळं ऐकलं, तरी उठले नाही. तुम्ही सगळी स्मशानातून परत यायच्या आत मी बाटली जेटीवरून पाण्यात टाकली.

त्यानंतर मला रडूच आलं नाही. कधीच नाही. पुढच्या वर्षी मलाही इन्शुलिन लागलं. घरात नवा फ्रीज आला होता, सानवीच्या हट्टाने. पण मी बाजारात पेटीतच ठेवत राहिले, मीठ मारून. का, ते आता कळतंय. पेटीतून काढलं असतं तर मलाच मी कबूल केल्यासारखं झालं असतं, की आये त्याने गेली. म्हणून वर्षभर पाणी टोचून घेतलं, आणि डोळे सुकवले. ते माझं मला. पण तुला दाखवलेली ती रीत मी परत घेतली नाही. ज्या दिवशी बाटली पाण्यात टाकली त्या दिवशीच तुला सांगायला हवं होतं. तू दगड म्हणालीस याचा मला राग आला नव्हता, सुटले असं वाटलं होतं. दगड म्हणून घेणं सोपं होतं.

आये त्यानेच गेली का? डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, काकी, ते मी आता सांगू शकत नाही. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र माहीत आहे, आणि तुलाही आता माहीत झालं.

नीट ऐक. नवी बाटली आण, पण ती आणून वाढवलेल्या डोसाने टोचू नकोस. डोस तीनदा वाढवलाय तो मेलेल्या औषधावर. जिवंत औषध तेवढं घेतलंस तर शुगर धाडकन खाली येईल आणि तू बसल्या जागी पडशील. आजच विनीतरावांना घेऊन डॉक्टरकडे जा. शुगर किती आहे ते बघू दे, आणि सगळं खरं सांग. बर्फ सांग, मीठ सांग, माझं नाव घेऊन सांग की माझ्या मोठ्या बहिणीने शिकवलं. चार माणसं बसलेली असली तरी सांग. लाजू नकोस. डोळेही दाखव. तुझी पट्टी अजून ओली होत असेल.

ती माझी पट्टी फेकून दे. तिच्यावरून मी जे सांगितलं ते खोटं आहे.

माफी मागत नाही. ती तू देशील की नाही याचा विचार करत बसलीस तर सहा वाजतील आणि तू सवयीने पेटी उघडशील. मला जन्मभर तोंड दाखवू नकोस, चालेल. सानवीच्या लग्नाला येऊ नकोस, तेही चालेल. एवढंच कर. बाटली फेकलीस की विनीतरावांच्या फोनवरून मला एक मिस कॉल दे. बोलायचं नाही. एकच रिंग. मी उचलणार नाही, शपथ.

महिपत हॉर्न वाजवतोय. तो पाच-साडेपाचला तुझ्याकडे पोचेल. मी फोन मांडीवर घेऊन पडवीत बसतेय, पेटी होती त्याच जागी.

मथुरा